जुनी एमएक्स-5 ट्रॅकसाठी तयार करताना: वहीतल्या नोंदी

13 जानेवारी 2024, शनिवार

बजेट ठरलं. गाडी, तयारी, हेल्मेट आणि पहिल्या ट्रॅक डेची फी मिळून साडेचार हजार पौंड. नवऱ्याच्या अटी दोन: रोजच्या गाडीला हात लावायचा नाही आणि हिचा हिशोब वेगळ्या वहीत ठेवायचा. म्हणून ही वही.

आधी गाडीकडून काम काय हवंय ते लिहून ठेवते, नाहीतर जाहिराती बघता बघता डोकं फिरतं. इंग्लंडातला ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. फी भरायची, लायसन्स दाखवायचं, सूचना ऐकायच्या आणि मग दिवसभर पंधरा-वीस मिनिटांच्या खेपा मारायच्या. लॅपची वेळ मोजायला आयोजकांची मनाई असते, कारण वेळ मोजली की विम्याच्या लेखी ती स्पर्धा झाली. तेव्हा अर्धा सेकंद वाचवणारी गाडी मला काय कामाची? सकाळी आपल्या चाकांवर जाईल, दिवसभर ब्रेकला दगा देणार नाही आणि संध्याकाळी आपल्याच चाकांवर मिल्टन कीन्सला परत येईल, अशी हवी.

रेनो क्लिओ 182 पहिल्यांदा मनात भरली. दोन लिटरचं इंजिन, 182 पीएस (अश्वशक्ती), वजन बेताचं. पण ओढ पुढच्या चाकांना, आणि टायमिंग बेल्टचं काम निघालं की बिल बघून घाम फुटतो. पोर्शे बॉक्स्टर 986 बजेटच्या जवळपास घुटमळते खरी, पण तिच्या इंटरमीडिएट शाफ्टचं बेअरिंग गेलं की इंजिनच गेलं. तिसऱ्या पिढीची टोयोटा एमआर2 ही गुणी गाडी, इंजिन मधोमध, वजन टनभर. सुरुवातीच्या वर्षांतल्या गाड्या मात्र तेल पितात, आणि एक्झॉस्टमधल्या प्री-कॅटचा (धूर स्वच्छ करणाऱ्या पहिल्या भागाचा) चुरा उलटा इंजिनात ओढला जातो अशी तिची ख्याती आहे. बीएमडब्ल्यू ई46 च्या मागच्या सबफ्रेमजवळ फ्लोअरला तडे जातात. होंडा एस2000 च्या किमती बघितल्या आणि लॅपटॉप मिटला.

उरली माझदा एमएक्स-5, दोन सीटांची उघडी गाडी. 1989 पासून बनतेय, 2016 मध्ये दहा लाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली. त्यामुळे सुटे भाग मुबलक, नवे आणि भंगारातलेही. इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांना, जुन्या पिढ्यांत चारही चाकांना डबल विशबोन, म्हणजे प्रत्येक चाक वर-खाली दोन बाहूंनी धरलेलं. ताकद कमी आहे, मान्य. पण शिकणाऱ्या माणसाला ताकद जितकी जास्त तितक्या त्याच्या चुका झाकल्या जातात, असं माझं मत आहे.

रात्री धाकट्या भावाला फोन. कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात त्याचं वर्कशॉप आहे. म्हणाला, "ताई, इंजिनाचं काय घेऊन बसलीस? इंजिन उघडून बांधता येतंय. पत्रा कुजलेला निघाला तर मग बसशील रडत. तू पत्रा विकत घे, इंजिन त्याच्यावर फुकट आलंय असं समज."

27 जानेवारी, शनिवार

पिढी ठरली: दुसरी, आणि त्यातही 2001 ते 2005 मधली, जिला इथे 'मार्क टू पॉइंट फाइव्ह' म्हणतात. 1.8 लिटर, 146 पीएस. पहिल्या पिढीच्या गाड्यांना आता संग्राहकांचे भाव आलेत. तिसरी पिढी मोठी, आरामशीर आणि बजेटच्या काठावर.

या पिढीची कीड दोन ठिकाणी लागते. मागच्या चाकाच्या पुढे, दाराखालचा पत्रा, म्हणजे सिल. कापडी छतावरचं पाणी सीटमागच्या नळ्यांतून खाली जायला हवं. त्या नळ्या पालापाचोळ्यानं तुंबल्या की पाणी सिलमध्ये मुरतं. दुसरी जागा जास्त वाईट: इंजिनच्या दोन्ही बाजूंनी पुढे जाणारे चॅसिस रेल. टक्कर सोसण्यासाठी या पिढीत तिथे पत्र्याचे थर वाढवले, आणि नेमकं त्या थरांच्या मध्ये मीठ-पाणी साचून ते आतून कुजतात. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, हे भावाला पटवायलाच वेळ लागला.

सुदैवानं इथे प्रत्येक गाडीचा वार्षिक एमओटी तपासणीचा इतिहास सरकारी संकेतस्थळावर फुकट बघता येतो, नंबरप्लेट टाकली की झालं. मैल, नापास झाल्याची कारणं आणि 'सध्या पास, पण लक्ष ठेवा' असे शेरे, सगळं वर्षवार. मी विक्रेत्याचं वर्णन वाचायचं सोडून दिलंय, हे शेरेच वाचते. एका वर्षी 'सिलला गंज', पुढच्या वर्षी तो शेरा गायब आणि अंडरसीलचा जाड थर असल्याची नोंद, असं दिसलं की मी पुढच्या गाडीकडे वळते. काळ्या डांबराखाली काय दडलंय ते शोधायला पैसे कोण मोजणार?

4 फेब्रुवारी, रविवार

नॉर्थॅम्प्टनजवळ एक लाल गाडी बघितली. रंग चकचकीत, चामड्याच्या सीटा, नवा स्टिरिओ, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर. टॉर्च घेऊन खाली सरकले आणि उजव्या रेलवर स्क्रू-ड्रायव्हरची मूठ हलकेच आपटली. शाबूत पत्र्याचा आवाज खणखणीत येतो, हा आला ओल्या पुठ्ठ्यासारखा. पुन्हा आपटल्यावर तपकिरी पापुद्रे कपाळावर पडले. विक्रेता म्हणाला, "या वयात एवढं चालायचंच." त्याचंही बरोबर, पण मग चालायचं त्याच्याकडेच. चहा न घेता निघाले.

10 फेब्रुवारी, शनिवार

गाडी घेतली. 2003 ची, 1.8 स्पोर्ट, चंदेरी, 94 हजार मैल, 2,150 पौंड.

दिसायला अगदी सामान्य. बॉनेटवर खडीचे टोचे, ड्रायव्हरच्या सीटची कड फाटलेली, मागच्या बंपरला कुणाच्या तरी भिंतीची आठवण. पण मालक निवृत्त गृहस्थ, आणि त्यांनी दर दोन-तीन वर्षांनी रेलमध्ये आणि सिलमध्ये गंजरोधक मेण फवारून घेतल्याच्या पावत्या फायलीत लावलेल्या. दोन्ही रेल ठोकून बघितले: खणखणीत. सिलच्या मागच्या टोकाला बोट दाबलं: टणक. छताच्या नळ्यांत बाटलीनं पाणी ओतलं, ते लगेच मागच्या चाकापुढे जमिनीवर आलं.

मग मागची बाजू जॅकवर घेऊन, गिअर न्यूट्रलला ठेवून एक चाक हातानं फिरवलं. दुसरं उलट फिरलं असतं तर डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांत जोर वाटणारा भाग) साधा. ते त्याच दिशेला फिरलं, म्हणजे लिमिटेड स्लिप आहे. वळणातून बाहेर पडताना आतलं चाक नुसतं गरगरत राहू नये म्हणून हाच हवा होता. याच्यासाठी मी जास्तीचे दोनशेही दिले असते, पण ते मालकांना सांगायची गरज नव्हती.

आईला फोटो पाठवला. "पाडव्यापर्यंत थांबवलं नाही होय तुला?"

24 फेब्रुवारी, शनिवार

देखभालीची कामं. टायमिंग बेल्ट आणि त्यासोबत वॉटर पंप (साठ हजार मैलांनी बदलायचा, फायलीत शेवटची पावती फार जुनी), इंजिन ऑइल, गिअरबॉक्स आणि डिफचं तेल, प्लग, कूलंट.

रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या टाकीचा रंग मुळात काळा असतो. माझ्या गाडीत वरची टाकी मातकट तपकिरी झाली होती. हे प्लॅस्टिक शिजल्याचं लक्षण, आता ते कधीही चिरणार. नवा रेडिएटर बसवला.

कूलिंगबद्दल एक मजेशीर गोष्ट. हे इंजिन मुळात माझदाच्या फ्रंट व्हील ड्राइव्ह गाड्यांतलं, आडवं बसणारं. एमएक्स-5 मध्ये ते उभं बसवताना पाण्याची बाहेर पडायची वाट इंजिनच्या पुढच्या टोकाला आणली. पंपही पुढेच. त्यामुळे थोडं पाणी मागच्या सिलिंडरांपर्यंत नीट न पोचताच परत फिरतं आणि चौथा सिलिंडर सगळ्यात गरम राहतो. यावर उपाय म्हणून लोक पाण्याची वाट पुन्हा मागे नेणारं किट बसवतात. टर्बो असती किंवा नागपूरच्या मे महिन्यात चालवायची असती तर मीही बसवलं असतं. इंग्लंडातल्या वसंतात, 146 पीएसला, छोट्या खेपांना त्याची गरज नाही. ते पैसे ब्रेककडे वळवले. मात्र डॅशबोर्डावरचा काटा बराच काळ मधोमध बसून राहतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो, म्हणून पाण्याच्या तापमानाचा वेगळा गेज लावला.

9 मार्च, शनिवार

ब्रेक. या प्रकल्पात कुठे कंजूषी करायची नाही, तर इथे.

हिशोब करून बघितला. गाडी आणि मी मिळून बाराशे किलो धरा. ताशी 160 वरून 70 वर यायचं तर साधारण साडेनऊ लाख ज्यूल ऊर्जा ब्रेकना गिळावी लागते. तेवढ्यात नळाचं जवळपास तीन लिटर पाणी उकळेल. रस्त्यावर असा ब्रेक वर्षातून एखादा लागतो, ट्रॅकवर दर लॅपला दोन-तीनदा, आणि मध्ये गार व्हायला फारसा वेळ मिळत नाही.

ही उष्णता पॅडमधून कॅलिपरात (पॅड दाबणाऱ्या पकडीत) आणि तिथून ब्रेक ऑइलमध्ये जाते. हे ऑइल हवेतली ओल शोषतं. साध्या डॉट 4 दर्जाच्या ऑइलचा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान 230 अंश, ओल शोषल्यावर किमान 155. उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल सरळ तळाला. म्हणून मोतुल आरबीएफ 600 घातलं, कोरडं असताना 312 अंश. असलं ऑइल लवकर बदलत राहावं लागतं, ते मान्य.

डिस्क माझ्या स्पोर्ट मॉडेलला आधीच मोठ्या, पुढे 270 मि.मी. आणि मागे 276. नव्या साध्या डिस्क घेतल्या. भोकं पाडलेल्या मुद्दाम टाळल्या, भोकांपासून तडे सुरू होतात. पॅड पुढे-मागे मिंटेक्स 1144: गार असतानाही धरतात, म्हणजे ट्रॅकवर जाताना सिग्नलला धडधड नको. रबरी होजच्या जागी स्टीलच्या जाळीचे.

हवा काढायला नवऱ्याला पेडलवर बसवलं. "दाब. धरून ठेव. सोड." तासाभरानं त्यानं विचारलं, "हेच वाक्य तू दिवसभर बोलणार आहेस का?" बोलले. पारदर्शक नळीतून आधी चहासारखं ऑइल आलं, मग सोनेरी, मग एकही बुडबुडा नाही. पेडल आता दगडासारखं टणक.

16 आणि 17 मार्च

सस्पेन्शन. उंची बदलता येणारे कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉक एकत्र) सेकंडहँड मिळाले. जुने शॉक काढून हे चढवायला शनिवारची सकाळ पुरली. त्यानंतर अलाइनमेंटच्या बोल्टांशी गाठ पडली.

या गाडीचं एक सुख आहे. खालच्या विशबोनच्या बोल्टांना मध्यापासून सरकलेल्या भोकाच्या गोल चकत्या आहेत, त्या फिरवल्या की चारही चाकांचा कॅम्बर (समोरून बघताना चाकाचा कल) आणि टो (वरून बघताना चाकाचं तोंड आत की बाहेर) हवा तसा बदलतो. वीस वर्षांत ते बोल्ट बुशच्या (सांध्यातल्या रबराच्या) लोखंडी नळीशी गंजून एकजीव झाले, की मात्र हेच सुख गळ्याशी येतं. नट सुटतो, बोल्ट जागचा हलत नाही, आणि पान्ह्याला पाइप लावून जोर केला की सगळा बुश पिळवटतो. आधीचे आठ दिवस रोज रात्री गंज सोडवायचं तेल मारत होते. पुढचे चारही सुटले. मागच्या डाव्या बाजूचा एक अजिबात नाही.

व्हिडिओ कॉलवर भाऊ. "ताई, हातोडा मारू नकोस त्याला, चकतीची खाच बिघडंल. काप सरळ. बुश गेला तर गेला, नवीन दाब." कापला. विशबोन आणि सबफ्रेम यांच्यातल्या फटीत करवतीचं पातं जेमतेम शिरतं, दोन्ही बाजूंनी कापायचं, आणि पातं आपल्याच नाकासमोर. दोन पाती मोडली. मधला तुकडा बुशसकट बाहेर काढून नवा बुश दाबून घेतला. नवे बोल्ट कॉपर ग्रीस फासून घातले, पुढच्या वेळी जो कोणी सोडवेल तो दुवा देईल.

उंची सुमारे 25 मि.मी. खाली. आणखी खाली घेता येते, पण मग विशबोनचे कोन बिघडतात आणि घराबाहेरच्या स्पीड ब्रेकरला पोट घासतं.

23 मार्च, शनिवार

रोल बार, म्हणजे सीटमागची पोलादी कमान. छत कापडी, उलटली तर डोक्यावर फक्त काचेच्या चौकटीचे खांब. उघड्या गाड्यांबाबतचे नियम आयोजकागणिक वेगळे आहेत, त्यामुळे बुकिंगपूर्वी वाचावेत. मी नियम न बघताच बसवला असता. मागच्या शेल्फखालचे गालिचे, प्लॅस्टिक सगळं बाहेर, सीटबेल्टचे टॉवर उघडे, आणि खाली बॅकिंग प्लेट देऊन बोल्ट. बसल्यावर हेल्मेट बारच्या वरच्या कडेखाली राहतं की नाही हे मेजरपट्टीनं बघितलं. माझं राहतं. नवऱ्याचं नाही, सीटमधला फोम कापावा लागेल. म्हणाला, "मग नकोच."

बारला डोक्याजवळ कडक पॅडिंग. पाइपावर गुंडाळायचा मऊ स्पंज इथे काही उपयोगाचा नाही.

9 एप्रिल, मंगळवार, पाडवा

अर्धी सुट्टी टाकून अलाइनमेंट. माझ्या वजनाची पोती ड्रायव्हरच्या सीटवर ठेवून मोजायला लावलं. पुढे कॅम्बर उणे 2.2 अंश, मागे उणे 1.9, पुढे टो शून्य, मागे किंचित आत. यात रस्त्यावर टायरची आतली कड थोडी जास्त झिजेल. पण वळणात गाडी कलते तेव्हा टायर पूर्ण टेकावं, त्यासाठी हे.

चाकंही बदलली. मूळची 16 इंची विकून हलकी 15 इंची घेतली. त्यावर 195/50 आर15 मापाचे नानकांग एनएस-2आर. रस्त्यावर कायदेशीर, ट्रॅकवर चिकट, आणि हे माप स्वस्त. चिकटपणात यांच्या वरचे टायर आहेत, पण शिकताना टायरनं आधी कुरकुर करून सांगावं आणि मग सुटावं, हे जास्त बरं.

नट टॉर्क रेंचनं 110 न्यूटन-मीटर. संध्याकाळी आरशाला झेंडूच्या ऐवजी बागेतल्या डॅफोडिलचा हार. आई खूश.

20 एप्रिल, शनिवार

एमओटी पास, शेरा नाही. नेहमीचा विमा ट्रॅकवर लागू होत नाही, म्हणून त्या दिवसापुरता वेगळा घेतला. त्यातही फक्त माझ्या गाडीचं नुकसान, आणि पहिली मोठी रक्कम माझीच. दुसऱ्याच्या गाडीचं ज्याचं त्यानं बघायचं, असं सही करून द्यावंच लागतं.

सायलेन्सर कंपनीचाच ठेवला. पहिला ट्रॅक डे जिथे आहे त्या बेडफर्ड ऑटोड्रोमला आवाजाची मर्यादा उभ्या गाडीला 101 डेसिबल आणि धावताना 87.5. धावतानाची मर्यादा फार कडक आहे, आसपासच्या गावांमुळे. भपकेबाज सायलेन्सर लावून आलेल्यांना फी भरून घरी जावं लागतं.

3 मे, शुक्रवार

बेडफर्ड. दुसऱ्या महायुद्धातला थर्लीचा विमानतळ, इथून अमेरिकन बी-17 बॉम्बर उडायचे. 1999 पासून ट्रॅक. जीटी सर्किट 3.8 मैलांचं, सपाट, आणि आदळायला जवळपास काहीच नाही. पहिल्यांदा जाणाऱ्यानं इथेच जावं, सौंदर्य नंतर बघावं.

आवाजाची चाचणी: नळीपासून अर्धा मीटर, 45 अंशांत मीटर, इंजिन कमाल फेऱ्यांच्या पाऊण पटीवर. सहज पास. मग सूचना, मनगटाला पट्टी, आणि पुढच्या गाडीमागे संथ लॅप. ओव्हरटेक सरळ पट्ट्यावरच, ठरलेल्या बाजूनं, आणि पुढच्यानं वाट दिल्यावरच.

सकाळी प्रशिक्षक घेतला, वीस मिनिटं. पंचवीस पौंडांत गाडीला यापेक्षा मोठी सुधारणा मिळणार नाही. त्यानं एकच गोष्ट परत परत सांगितली: ब्रेक लवकर लाव, पण पहिल्या क्षणी जोरात, आणि वळणात शिरताना हळूहळू सोड. मी उलट करत होते, हळू सुरू करून शेवटी घाबरून दाबत होते. पुढच्या टोकावर वजन टिकलं की गाडी वळते, हे हातांना त्या दिवशी कळलं.

टायरमध्ये सकाळी गार असताना 26 पीएसआय. पहिल्या खेपेनंतर पुढच्या डाव्यात 33. पिटमध्ये गुडघ्यावर बसून हवा सोडली, चारही 30 ला आणले. दुसऱ्या खेपेत पुढचं टोक लगेच शहाणं झालं. प्रत्येक खेपेचा शेवटचा लॅप ब्रेक न लावता, गार करायला. पार्क केल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, तापलेले पॅड डिस्कला चिकटतात. गिअरमध्ये सोडायची.

दुपारी शेजारच्या बेमध्ये माझ्या दुप्पट ताकदीची सेडान आली, पुढच्या चाकांतून धूर, पेडल तळाला. मालक ऑइल गार व्हायची वाट बघत बसला. माझा वेगळा गेज दिवसभर 95 च्या आसपास होता आणि पेडल सकाळसारखंच. पाचनंतर ए6 वरून गर्दीत घरी.

5 मे, रविवार

तपासणी. पुढचे पॅड 11 मि.मी. होते, आता 8. मागचे जवळपास तसेच. ब्रेक ऑइल थोडं गडद, पुढच्या कॅलिपरांचं काढून नवं भरलं. चाकांचे नट परत कसले, एकही सैल नव्हता. रेलला आतून मेणाचा नवा फवारा.

पुढच्या टायरची बाहेरची कड अजून खाल्ली गेलीय, म्हणजे पुढे कॅम्बर उणे 2.6 पर्यंत न्यायला जागा आहे. बोल्ट आता फिरतात, काम तासाभराचं. भावाला टायरचे फोटो पाठवले. त्याचं उत्तर: "मागचा अँटीरोल बार काढून बघ एकदा, मग सांग." म्हणजे वळणात गाडीचा कल आवरणारी खालची दांडी, डोक्यामागची कमान नव्हे.

आजवरचा खर्च 4,380. जूनमध्ये स्नेटरटन 300 सर्किट, जवळपास तीन मैलांचं, आणि बेंटली स्ट्रेट या सरळ पट्ट्याच्या शेवटी आजवरचा सगळ्यात मोठा ब्रेक लागणार. त्याआधी पुढचे पॅड मागवायचे, आणि नवऱ्यासाठी हेल्मेट. सीटचा फोम कापायला तो स्वतःहून तयार झालाय.